गुळगुळीत

शेजाऱ्यांनी मातीचं ढेकूळ बोटांनी फोडलं, आतली हिरवट चकती काढली, उजेडाकडे धरून दोन्ही अंगांनी फिरवून पाहिली आणि "काही नाही" म्हणून कमरेच्या पिशवीत टाकून दिली. मी बाजूलाच उभी होते. मला तर ती चांगली दिसली होती. गोल होती, तांब्याची होती, आपल्या रुपयापेक्षा मोठी होती. नाणं आहे ना, मी विचारलं. आहे की, ते म्हणाले, अर्धा पेनी. आकारावरून आणि जाडीवरून दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जॉर्ज राजाच्या वेळचा. पण राजाचं तोंड गेलंय, मागची ब्रिटानिया देवी गेलीय, साल गेलंय, म्हणजे काही नाहीच. एवढं बोलून ते धातू शोधायचं यंत्र झुलवत पुढे गेलेसुद्धा. मी मात्र तिथेच उभी राहून त्या उकरलेल्या खड्ड्याकडे बघत बसले. तो त्यांनी पायानं नीट बुजवला होता, वर काडही पसरलं होतं. खड्ड्याचा एवढा मान राखायचा आणि नाण्याला काही नाही म्हणायचं, हे काही मला पटेना. रात्री भांडी आवरतानाही ते 'काही नाही' डोक्यात वाजत होतं.

इंग्लंडमधल्या सफोकच्या या भागात ऑगस्टात गहू निघतो आणि पुढची पेरणी होईपर्यंत थोडे आठवडे रानं मोकळी असतात. डिटेक्टरवाल्यांची ती सुगी. आमचे शेजारी निवृत्त पोस्टमन. आसपासच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात त्यांनी वर्षानुवर्षं पत्रं टाकलेली, कुत्र्यांची नावं पाठ, त्यामुळे रानात फिरायची परवानगी त्यांना चहा पिता पिता मिळते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या रानात यंत्र फिरवणारे आणि रात्री बॅटऱ्या घेऊन येणारे लोकही आहेत. त्यांच्याविषयी ते जे बोलतात ते मी इथे लिहीत नाही. मी शेजाऱ्यांच्या मागे गेले ती निव्वळ चालायला म्हणून. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि फुटपाथवर चालण्याचा मला मनापासून कंटाळा. कापणीनंतर उरलेली धसकटं घोट्यांना बोचतात, मातीतून पांढऱ्या-करड्या गारगोट्या डोकं काढून असतात, वाऱ्यावर डिझेलचा आणि वाळल्या काडाचा वास येतो. आमच्याकडच्या खळ्याच्या वासाशी याचं नातं आहे, पण लांबचं. आमच्या वासात शेण असायचं.

त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली आणि मला पहिल्यांदा जमीन ऐकू आली. लोखंडाचा आवाज जाडाभरडा, घशातून आल्यासारखा. बिअरच्या डब्याचं झाकण मधल्या पट्टीत. आणि तांबं किंवा चांदी असली की एकदम उंच, स्वच्छ स्वर. यंत्राच्या टोकाच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत बदलता प्रवाह सोडला की त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, खाली धातू असेल तर त्यात छोटे भोवऱ्यांसारखे प्रवाह उठतात, आणि ते उलटून आपली खबर वर पाठवतात. तांब्यातून वीज सहज वाहते म्हणून त्याची खबर वेगळी ऐकू येते. नाण्याएवढी वस्तू असेल तर फार तर वीतभर खोलवर हे चालतं. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं भूसुरुंग शोधायचं यंत्र केलं, अल अलामेनच्या वाळवंटात सैनिकांनी ते चालवलं. जीव वाचवायला केलेल्या त्या अवजाराचा हा नातू आता रविवारी सकाळी निवृत्त पोस्टमनच्या खांद्याला लटकलेला असतो.

आमच्या लहानपणी या कामाला माणूस लागायचा. पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी आले असा. त्याच्या डोळ्यांत कसलंसं अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, अशी गावोगाव समजूत. आमच्या आळीत असा एक मुलगा होता. त्याची आई आभाळ गडगडायला लागलं की त्याला हाताला धरून घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते असंही लोक म्हणत. आम्हा पोरांना त्याचा हेवा वाटायचा, तो मात्र कायम भेदरलेला. त्याची आई अशी का वागायची ते मला पुष्कळ उशिरा समजलं. गुप्तधन हा काही गोष्टीतला विषय नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मराठवाड्यात मानवतला जे खून पडले त्याबद्दल घरातली मोठी माणसं आम्हाला बाहेर पाठवून बोलत. २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगीच नाही. या सगळ्या गुप्तधनाच्या गोष्टींत हंडा असायचा, मोहरा असायच्या, वर वेटोळं घालून बसलेला नाग असायचा. पण नागानं कुणाच्या स्वप्नात येऊन 'अमुक बांधाला एक पैसा पडलाय' असं सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आमच्याच परगण्यात हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी रानात हरवली. ती शोधायला त्यानं यंत्रवाल्या मित्राला बोलावलं, आणि मित्राला सापडला रोमन काळातला ठेवा. सोन्याचे दागिने, चांदीचे चमचे, मिरपूड ठेवायची नक्षीदार भांडी आणि १४,८६५ नाणी. नंतर हातोडीही सापडली. हे सगळं आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हातोडीसकट. ही गोष्ट इथे सगळे जण सांगतात आणि हातोडीपाशी हसतात. मला मात्र त्यातला एक आकडा खुणावतो. त्या १४,८६५ नाण्यांत ५६९ सोन्याची, १४,२७२ चांदीची, आणि काशाची फक्त २४. आता यात नवल काही नाही. घरदार सोडून पळायची वेळ आली की माणूस पेटीत जे भरतो त्यात सुट्टे पैसे नसतात. ते चुकून आले असतील, एखाद्या थैलीच्या तळाशी राहिलेले. सोनं माणसं पुरून ठेवतात, त्यामागे विचार असतो, परत येण्याचा बेत असतो. तांब्याचा पैसा कुणी पुरत नाही. तो पडतो.

म्हणून शेजाऱ्यांच्या पिशवीतलं प्रत्येक तांब्याचं नाणं म्हणजे कुणाचा तरी वाईट गेलेला दिवस आहे.

हे त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, तसंही नाही, बरीचशी नाणी शेणाबरोबर आली. खरं आहे. शहरांतले संडास आणि उकिरडे रिकामे करून ती घाण गाड्यांनी रानात आणून पसरायची रीत इथे शतकानुशतकं होती. तिच्याबरोबर फुटक्या चिलमींच्या पांढऱ्या नळ्या आल्या, गुंड्या आल्या, बुटांची बक्कलं आली आणि नाणीही. आमच्याकडे उन्हाळ्यात उकिरडा उपसून बैलगाडीनं शेतात न्यायचे तेव्हा आजी गाडीच्या मागून चालत नजर फिरवायची, एखादा चमचा, एखादी जोडव्याची कडी सापडायची. म्हणजे यातलं एखादं नाणं या रानात पडलंच नसेल. लंडनच्या नाहीतर इप्सविचच्या एखाद्या घरात फळीच्या फटीतून खाली गेलं असेल. पण पडलं ते पडलंच. आणि पडल्यावर कुणीतरी शोधलं असणार. अठराव्या शतकाच्या शेवटी इथल्या शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंगांच्या आसपास मिळायचे. शिलिंगाचे बारा पेनी. त्या हिशेबात अर्ध्या पेनीसाठी माणूस काळोख पडेपर्यंत वाकून राहील, हे मला दिसतं. त्यात तेव्हा सुट्ट्या नाण्यांचा दुष्काळ. सरकारी टांकसाळीनं बरीच वर्षं तांबं पाडणंच बंद ठेवलं होतं, बाजारात खोट्या अर्ध्या पेनींचा सुळसुळाट होता. आमचं ते गुळगुळीत नाणं खोटंही असू शकेल. असलं तरी ते हरवल्याचं दुःख खरंच असणार.

कायद्याला यातलं काही दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही नाही. इथल्या १९९६ च्या कायद्यानं ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र सापडली तरी तो ठेवा ठरतो आणि सरकारला कळवावा लागतो. नाणी तांब्याची असली तर दहा लागतात. एकटं तांब्याचं नाणं रानमालकाचं, आणि दोघांत तसं ठरलं असेल तर शोधणाऱ्याचं. १९९७ पासून इथे लोकांना सापडलेल्या वस्तूंची स्वखुशीनं नोंद करून घ्यायची एक सरकारी योजना चालते, तिच्यात १५ लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. फार चांगलं काम. पण तिथेही साधारण ३०० वर्षांच्या अलीकडचं घेत नाहीत, त्यामुळे जॉर्ज राजांच्या पैशांना तिथे दार बंद. आपला १८७८ चा निखात निधीचा कायदा याबाबतीत सरळ आहे. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, सोनं असो की तांबं. दहा रुपये! आज तेवढ्यात कटिंग चहासुद्धा कुठे मिळतो, कुठे मिळत नाही. तरी मला आपला कायदा आहे तसा बरा वाटतो. आपल्या गडांवर उद्या अशी यंत्रं घेऊन माणसं फिरायला लागली तर काय होईल याचा विचारच नको. नाणं कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे एकदा हललं की त्याची अर्धी गोष्ट संपते. शेजारी प्रत्येक खड्ड्याची जागा वहीत टिपतात, सगळे टिपत नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही केंटमध्ये डील नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी गेलो होतो. तिथून समोर समुद्रात गुडविन सँड्स नावाचा वाळूचा मोठा दांडा आहे, त्यानं आजवर कित्येक जहाजं गिळली. जानेवारी १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाचं 'ॲडमिरल गार्डनर' तिथे फुटलं. पोटात कित्येक टन तांब्याची नाणी होती, मद्रासकडे निघालेली, बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टननं वाफेच्या यंत्रावर पाडलेली. त्याच टांकसाळीत १७९१ सालापासून आपल्या मुंबई इलाख्याचे पैसेही पडत होते. एका बाजूला कंपनीची खूण, दुसरीकडे तराजू आणि त्याखाली फारसी अक्षरांत 'अदल', म्हणजे न्याय. कंपनीनं न्याय तराजूसकट बर्मिंगहॅमहून मागवला होता, एवढं म्हणून मी पुढे जाते. तर ॲडमिरल गार्डनरवरची नाणी १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी लाखांनी वर काढली, आणि आज ती किरकोळ किमतीला मिळतात. मी एक घेतलं. दहा कॅशचं, म्हणजे मद्रासकडची चिल्लर, १८०८ सालचं, कंपनीची ढाल धरून दोन बाजूंना सिंह उभे. आश्चर्य वाटावं इतकं ठसठशीत. दोन शतकांच्या आसपास समुद्राखाली राहूनही सिंहाची आयाळ दिसते, कारण ही नाणी पिंपांत गच्च भरलेली होती. आणि कारण ती कुणाच्या हाताला लागलीच नव्हती. त्या नाण्यानं मीठ घेतलं नाही, हमाली चुकवली नाही, देवळाच्या पेटीत ते पडलं नाही. ते हरवलं तेव्हा कंपनीच्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे झाला असेल. घरी आल्यावर मी ते शेजाऱ्यांना दाखवलं, ते खूष झाले, वा, काय अवस्था आहे म्हणाले. मला ते तेव्हापासून जरा परकं वाटायला लागलं.

कारण माझ्या डोळ्यांसमोर तांब्याचं नाणं म्हटलं की आमच्या देवघरातली शिवराई येते. पणजोबांना मळीच्या रानात नांगरताना तासात सापडलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', असं आजी सांगायची. प्रत्यक्षात मला आठवतं तेव्हापासून तिच्यावर 'छ'चा पोटफुगरा भाग आणि दोन आडव्या रेघा एवढंच दिसायचं. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेलं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडत राहिले आणि इंग्रज आल्यावरही लोक चालवत राहिले. दोन रेघा म्हणजे दुदांडी, म्हणजे बरीच नंतरची. पण हे आमच्या घरात बोलायची कुणाची छाती नव्हती. आमची शिवराई महाराजांच्या स्वतःच्या हातातून गेलेली होती, विषय संपला. दर लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आजी चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बसायची, तांब्या, पळी, ताम्हण आणि शेवटी शिवराई. अंगठ्यानं गोल गोल घासायची. राखाडी-काळ्या पाण्यातून ती तान्ह्या बाळाच्या तळव्यासारखी गुलाबी होऊन बाहेर यायची, आणि नंतर कितीतरी वेळ आजीच्या बोटांना तो आंबट-तांबट वास असायचा. म्हणजे अक्षरं बाजारात थोडी झिजली, मातीत थोडी झिजली, आणि उरलेली आमच्याच घरात भक्तिभावानं घासून गेली.

हे ऐकून शेजाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले. ते नाणं सापडलं की अंगठासुद्धा लावू देत नाहीत, मातीतल्या बारीक वाळूनं ओरखडे पडतात म्हणून. घरी नेऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालतात आणि दात कोरायच्या काडीनं एक एक कण उचलतात. तांब्यावर चढलेला तो हिरवा थर म्हणजे त्याची कातडी, ती काढली की नाण्याचं वय गेलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं बघितलं तर आजीनं दर दिवाळीला एका ऐतिहासिक वस्तूची साल काढली. आजीच्या बाजूनं बघितलं तर हिरवं पडलेलं तांबं देवापुढे ठेवणं हा अपमान. मला दोघांचंही पटतं आणि त्यात मला काही अडचणही वाटत नाही. शेजाऱ्यांच्या घरी टॉफीच्या एका डबीत असली शेकडो गुळगुळीत नाणी आहेत. खतांनी खाल्लेली, नांगरानं वाकलेली, शेकडो बोटांनी पुसून टाकलेली. त्यांनी एकदा डबी पुढे करून घे एखादं म्हटलं होतं. मी हात घालून ती नुसती चाळवली. सगळी एकसारखी, पण प्रत्येकाचं वजन निराळं लागत होतं.

आईचे एकदा चार आणे हरवले होते. सातारच्या घरी, पाचवीत असेन मी. ते नाणं काही तांब्याचं नव्हतं. गोडंतेल आणायला निघाली आणि दारातून चौकापर्यंत जाताना मुठीतून कुठेतरी गेलं. तेव्हा रस्ता मातीचा, कडेला कुणाच्या तरी बांधकामाची वाळू. आई पदर खोचून बसली आणि वाळू बोटांनी चाळायला लागली. शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या सासूबाई आल्या, मग कंदील आला. सगळ्या बायका वाकून जमीन बघतायत आणि मधूनच हसतायत, कारण चार आण्यांसाठी एवढं शोधतोय हे कुणाला दिसू नये असंही वाटत होतं. शेवटी आई उठली, गुडघे झटकले, "जाऊ दे, कुणाच्या तरी नशिबात असेल" म्हणाली. त्या रात्रीच्या भाजीला फोडणी नव्हती. पुढे पुष्कळ दिवस त्या कोपऱ्यावरून जाताना बोलता बोलता तिची नजर खाली जायची. बाबांना हे कधी सांगितलं नाही.

ते सापडलं नाही. नंतर रस्ता डांबरी झाला.

परवा शेजाऱ्यांना दाखवायला शिवराईचा फोटो हवा म्हणून भावाला फोन केला. म्हटलं, नीट उजेडात धरून दोन्ही बाजूंचा काढ, आणि आपल्या काकूंना सांग, आधी घासू नका. तो गप्पच. मग म्हणाला, "ताई, ती पायात घातली की." मला वाटलं कुणी पैंजणात बिंजणात अडकवली. तसं नव्हतं. जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं तेव्हा पायाभरणीला गुरुजींनी हळकुंड, सुपारी, पंचरत्नं आणि एक नाणं काढून ठेवा म्हटलं. भावानं खिशातून पाच रुपये काढले, तर काकू म्हणाल्या, हे कसलं, घरचं तांब्याचं असू दे. आणि देवघरातून शिवराई आणून त्यांनी स्वतः खड्ड्यात सोडली. वर लगेच काँक्रीट. मला इतका राग आला की क्षणभर बोलता येईना. आम्ही चुलत-सख्खी मिळून सहा भावंडं, एकालाही विचारलं नाही. मग त्याच दमात हसू आलं. नांगराला लागून वर आलेली, तीन पिढ्या चिंचेनं घासलेली आमची शिवराई शेवटी रीतसर पुरली गेली होती, हळद-कुंकू लावून, मंत्र म्हणून.

रविवारी रानात हे सगळं शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी यंत्र खाली टेकवलं आणि पहिल्यांदा खोली विचारली. मी म्हटलं, असेल पाच-सहा फूट. वर काय आहे, सळया? सळया, मी म्हटलं, भरपूर, भावानं कंत्राटदाराच्या मागे उभं राहून घालून घेतल्यात. त्यांनी मान हलवली. एवढी खोली, त्यात वर लोखंडाचं जाळं. त्या गोंगाटात खालचं तांबं ऐकू येईल असं यंत्र अजून निघालेलं नाही. मग थोडा विचार करून त्यांनी विचारलं, समजा निघालंच, तर तुमच्या भावाकडून परवानगी मिळेल का? मी म्हटलं, भाऊ देईल. काकूंचं काही सांगता येत नाही.